१९६७ : कॅनडाचं शताब्दी वर्ष, एक्स्पो, क्वेबेक आणि ५० गुणांची चाळणी

नोंदवही

१ जुलै १८६७ ला ओंटारियो, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक मिळून कॅनडाचं संघराज्य झालं. त्याची शताब्दी १९६७ मध्ये धूमधडाक्यात साजरी झाली. त्या वर्षाचा विषय निघाला की लोक मॉन्ट्रियलचं एक्स्पो हे जागतिक प्रदर्शन आणि टोरोंटोने जिंकलेला आइस हॉकीचा स्टॅनली कप सांगतात. माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत लांब पल्ल्याची तारीख १ ऑक्टोबर आहे. त्या दिवशी स्थलांतरितांची निवड गुणांवर करणारे नियम लागू झाले. टोरोंटो, मॉन्ट्रियल, एडमंटन अशा शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या पहिल्या पिढीतले बरेच जण याच दारातून आत गेले.

आधीची स्थिती अशी होती. १९५१ च्या करारानुसार भारतातून वर्षाला १५० जणांना प्रवेश होता. १९५७ मध्ये तो आकडा ३०० झाला. १९६२ मध्ये मंत्री एलन फेअरक्लॉ यांनी वंशाचा निकष बहुतेक नियमांतून काढला, पण दूरच्या नातेवाइकांना बोलावण्याची सवलत मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांसाठीच राहिली. शिवाय अर्जदार 'योग्य' आहे का, हे अधिकाऱ्याच्या मतावर ठरायचं. पुढे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या सरकारात जाँ मार्शां स्थलांतर खात्याचे मंत्री होते आणि टॉम केंट उपमंत्री, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सचिव. केंट यांच्या खात्याने हे 'मत' मोजता येईल अशा नऊ बाबींत वाटलं :

शिक्षण व प्रशिक्षण – २०
अधिकाऱ्याने मुलाखतीत केलेलं मूल्यमापन – १५
त्या व्यवसायाला कॅनडात असलेली मागणी – १५
व्यवसायातलं कौशल्य – १०
वय – १०
आधीच ठरलेली नोकरी – १०
इंग्रजी आणि फ्रेंच – १०
कॅनडातला नातेवाईक – ५
ज्या भागात जायचं तिथली रोजगाराची स्थिती – ५

एकूण १००, उत्तीर्ण व्हायला ५०. हे सगळं १९५२ च्या जुन्याच कायद्याखाली मंत्रिमंडळाच्या आदेशाने झालं. नियम बदलायला नवा कायदा लागत नव्हता, म्हणून ते इतक्या लवकर अमलात आले. पुढे कायदा बदलला तो १९७६ मध्ये.

राजकारण, क्वेबेक, एक्स्पो यांवर जाणकारांनी भर घालावी.

रोहिणी

उत्तम धागा. एक विनंती : कोष्टकावरून नेमका अंदाज येत नाही. समजा १९६७ साली पुण्यातला एखादा अभियंता अर्ज करतोय, हाताशी कॅनडातली नोकरी नाही, नातेवाईक नाही. त्याची बेरीज कशी व्हायची?

नोंदवही

रोहिणीताई, करून बघू.

शिक्षणाला यशस्वीपणे पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाचा एक गुण, कमाल २०. आपल्याकडे तेव्हा अकरावीला मॅट्रिक होती. त्यापुढे अभियांत्रिकीची पदवी धरून एकूण १६ वर्षं झाली असतील तर १६ गुण. इथे एक खाच आहे. वर्ष 'पूर्ण केलेलं' हवं. नापास होऊन पुन्हा केलेलं वर्ष दोनदा मोजलं जात नाही. जुन्या पद्धतीने अकरावी अधिक चार वर्षं करून बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्याला १५ मिळायचे.

वय १८ ते ३५ असेल तर पूर्ण १०, पुढे दर वर्षाला एक गुण वजा. २९ वर्षांच्या माणसाला १०, चाळिशीच्या माणसाला ५. कौशल्याला अभियंत्यासाठी १० धरू. इंग्रजी उत्तम आणि फ्रेंच शून्य, तर भाषेचे ५. एवढ्यावर ४१ झाले.

उरलेले ९ तीन ठिकाणांहून यायला हवेत : व्यवसायाची मागणी, मुलाखत आणि जायचं ठिकाण. मागणी मध्यम असून ७ मिळाले आणि मुलाखतीत ८ पडले तर ५६. मागणी शून्य धरली तर मुलाखतीतले ८ मिळूनही ४९ च होतात, म्हणजे एका गुणाने अडतो. तेव्हा जायचं ठिकाण निर्णायक ठरतं. कामगारांची टंचाई असलेला भाग सांगितला की तिथले गुण मिळून तो पार होतो.

याच माणसाचं वय ४२ असतं तर वयाचे ३ च आले असते आणि पहिल्या हिशेबातले ५६ चे ४९ झाले असते. त्या वयात व्यवसायाची मागणी आणि मुलाखत दोन्ही चांगली लागायची.

आणखी एक गोष्ट. बेरीज पन्नासच्या खाली असली तरी अधिकारी घेऊ शकत होता, आणि वर असली तरी नाकारू शकत होता. मात्र दोन्ही वेळा त्याला कारण लिहून वरिष्ठांची मान्यता घ्यावी लागे. पूर्वीच्या आणि नंतरच्या व्यवस्थेतला खरा फरक मला इथे दिसतो. नकाराला कागद आला.

गोदाकाठ

नोंदवहींच्या हिशेबाला जोड. पत्नी, लहान मुलं आणि वृद्ध आई-वडील यांना गुण लागत नव्हते. ते 'पुरस्कृत' गटात यायचे. भाऊ, बहीण, पुतणे यांच्यासाठी 'नामनिर्देशित' असा मधला गट होता. त्यांना कमी बाबींवर तपासत, कारण कॅनडातला नातेवाईक सुरुवातीचा भार उचलण्याची लेखी हमी देत असे. एक जण गेला की मागोमाग भावंडं गेली, त्याचं कारण हा मधला गट.

आता अडचण कुठे यायची ते. गुण देणारं सरकार संघराज्याचं, पण डॉक्टर, अभियंता, परिचारिका, वकील यांना व्यवसायाचा परवाना देणाऱ्या संस्था प्रांतांच्या. 'अभियंता' म्हणून कौशल्याचे पूर्ण गुण घेऊन विमानातून उतरलेल्या माणसाला ओंटारियोत स्वतःला अभियंता म्हणवून घेण्यासाठी प्रांताच्या संस्थेकडे वेगळा अर्ज, कागदपत्रांची छाननी, गरज पडल्यास परीक्षा आणि स्थानिक अनुभव हे सगळं करावं लागे. दोन यंत्रणांनी एकाच पदवीची किंमत दोन तऱ्हांनी केली. हा सांधा १९६७ मध्ये जोडला गेला नाही आणि आजही नीट जुळलेला नाही. गुणपद्धतीचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं, कारण त्याची किंमत माणसांनी आयुष्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत मोजली.

मुक्काम_मॉन्ट्रियल

एक्स्पोला एका ओळीत उरकू नका हो! ते बांधलं कसं, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

१९६७ चं जागतिक प्रदर्शन मुळात मॉस्कोला मिळालं होतं. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाने माघार घेतली आणि महापौर जाँ द्रापो यांनी ते मॉन्ट्रियलकडे ओढलं. शहरात जागा शोधण्याऐवजी त्यांनी सेंट लॉरेन्स नदीत जागा करायची ठरवली. सेंट हेलेन बेट वाढवलं आणि शेजारी नोत्र-दाम हे बेट नव्याने भरून काढलं. भुयारी रेल्वेच्या खोदकामातली माती टाकून ही बेटं झाली, असं सर्रास सांगतात. भुयारांतून निघालेला दगड वापरला हे खरं, पण एकूण भरावात त्याचा वाटा थोडाच होता. बाकीचा माल खाणींतून आणि आसपासच्या भागांतून ट्रकांनी आणावा लागला.

शहराने जागा ताब्यात दिली ती २० जून १९६४ ला. उद्घाटनाला उरले १०४२ दिवस. बांधकामाचे प्रमुख कर्नल एडवर्ड चर्चिल यांनी तेव्हा नवी असलेली 'क्रिटिकल पाथ' पद्धत वापरली. प्रत्येक काम कोणत्या कामावर अवलंबून आहे ते मांडायचं, सर्वांत लांब साखळी शोधायची आणि सगळी ताकद त्या साखळीवर लावायची. साखळीबाहेरचं काम आठवडाभर लांबलं तरी चालतं. साखळीतलं एक दिवस लांबलं तर उद्घाटनच एक दिवस लांबतं. पूल आणि रस्ते आधी झाल्याशिवाय देशोदेशींच्या दालनांचं सामान बेटावर पोचणारच नव्हतं, त्यामुळे ती कामं पुढे घ्यावी लागली.

२८ एप्रिल १९६७ ला दारं उघडली तेव्हा जवळजवळ सगळं तयार होतं. अपवाद मोशे सफदी यांच्या हॅबिटॅट ६७ चा. काँक्रीटचे ३५४ डबे कारखान्यासारख्या पद्धतीने जागेवरच ओतायचे, क्रेनने उचलून एकमेकांवर रचायचे आणि त्यांतून १५८ घरं काढायची, अशी ती योजना. असे डबे भरपूर संख्येने काढले की घर स्वस्त पडेल, हा त्यामागचा विचार. मूळ आराखडा याहून कितीतरी मोठा होता. तो कापून लहान केल्यावर साचे, क्रेन आणि कारखान्याचा सगळा खर्च थोड्याच घरांवर पडला आणि दर घरामागे खर्च प्रचंड झाला. कल्पना चुकीची ठरली असं म्हणण्यापेक्षा, तिला लागणारी संख्याच तिला दिली गेली नाही असं मी म्हणेन. इमारत आजही नांदती आहे.

२९ ऑक्टोबरला प्रदर्शन संपलं तेव्हा ५ कोटींहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या होत्या. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी. तिसऱ्याच दिवशी, ३० एप्रिलला, साडेपाच लाखांवर लोक आले. एवढ्या माणसांना बेटावर नेणं जमलं, कारण भुयारी रेल्वे ऑक्टोबर १९६६ मध्येच सुरू झाली होती आणि प्रदर्शनाच्या आत एक्स्पो एक्स्प्रेस ही फुकट गाडी धावत होती. तूट मात्र २१ कोटी डॉलरच्या घरात गेली. ती करारानुसार संघराज्य ५० टक्के, क्वेबेक ३७.५ आणि मॉन्ट्रियल शहर १२.५ अशी वाटली गेली.

पारिजात

त्याच बेटावरच्या एका दालनाबद्दल लिहिते, कारण शताब्दी नेमकी कोणाची हा प्रश्न तिथे उभा केला गेला. 'इंडियन्स ऑफ कॅनडा' हे आदिवासी समाजांचं दालन. बाहेरून मोठ्या टिपीसारखं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या तंबूसारखं. बांधकामाचा पैसा सरकारचा होता, पण आतला मजकूर आदिवासी प्रतिनिधींनी ठरवला. काहनावागे या मोहॉक वस्तीचे प्रमुख अँड्र्यू डिलाइल दालनाचे आयुक्त होते. मोडलेले करार, गेलेली जमीन, मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा हे सगळं भिंतींवर उघड लिहिलं होतं. बाकी दालनं प्रगती दाखवत असताना हे दालन हिशेब मागत होतं.

तिथेही कात्री चाललीच. नॉर्वल मॉरिसो यांच्या भित्तिचित्रात धरणीमाता माणसाच्या बाळाबरोबर अस्वलाच्या पिल्लालाही दूध पाजते असं होतं. अधिकाऱ्यांनी बदल मागितला, तेव्हा त्यांनी काम सोडलं. अलेक्स जॅनविए यांनी नावाखाली आपला करार-क्रमांक २८७ लिहिला. सरकारने माणसाला दिलेला आकडाच सही म्हणून वापरला.

१ जुलैला व्हँकूव्हरच्या एम्पायर स्टेडियमवर शताब्दीचा सोहळा चालू असताना चीफ डॅन जॉर्ज यांनी शंभर वर्षांत आपल्या लोकांनी काय गमावलं यावर विलाप वाचला. सरकारदरबारी 'इंडियन' म्हणून नोंद असलेल्या आदिवासींना संघराज्याच्या निवडणुकीत बिनशर्त मताधिकार मिळाला तो १९६० मध्ये, म्हणजे शताब्दीच्या अवघी सात वर्षं आधी. हे सोडून १९६७ चं चित्र पुरं होत नाही.

अनिकेत

नोंदवही, तुमच्या '१ ऑक्टोबर' ला माझा आदरपूर्वक विरोध. क्वेबेकच्या बाजूने बघितलं तर वर्षाची तारीख २४ जुलै.

फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल एक्स्पोच्या निमित्ताने आले. विमानाने आले असते तर शिष्टाचारानुसार आधी राजधानी ओटावाला उतरावं लागलं असतं. ते 'कोल्बेर' या युद्धनौकेने आले आणि २३ जुलैला थेट क्वेबेक सिटीला उतरले. मुख्यमंत्री दानिएल जॉन्सन यांचं सरकार स्वागताला सज्ज होतं. दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या जुन्या राजमार्गाने, गावोगावी थांबत, मोटारींचा ताफा मॉन्ट्रियलला पोचला. नगरभवनाच्या सज्जातून बोलण्याचं ठरलेलंच नव्हतं, पण खाली गर्दी होती आणि माईक होता. 'स्वतंत्र क्वेबेक चिरायू होवो' ही घोषणा तिथे झाली. पिअर्सन यांनी दुसऱ्या दिवशी ती अस्वीकारार्ह ठरवली. द गॉल यांनी ओटावाची भेट रद्द केली आणि २६ ला परतले.

एका घोषणेने चळवळ जन्मली असं मात्र मानू नये. ती आधीपासून होती. १४ ऑक्टोबरला रने लेवेक यांनी लिबरल पक्ष सोडला, कारण सार्वभौमत्वाचा त्यांचा ठराव पक्षात टिकणार नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सार्वभौमत्व आणि आर्थिक सहयोग अशी दुहेरी मागणी करणारी संघटना काढली. तिच्यातून १९६८ मध्ये पार्ती केबेक्वा झाला आणि १९७६ मध्ये तो क्वेबेकमध्ये सत्तेवर आला. त्याच नोव्हेंबरात ओंटारियोचे मुख्यमंत्री जॉन रोबार्ट्स यांनी टोरोंटोत प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांची परिषद भरवली. एका शताब्दीत दोन उत्तरं घडत होती : वेगळं होणं, आणि घटना नव्याने मांडणं.

नोंदवही

अनिकेत, मान्य. आपण दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतोय. देश टिकेल का, हा तुमचा. देशात कोण असेल, हा माझा. डिसेंबरमध्ये मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर आले. द्विभाषा आयोगाच्या अहवालाचा पहिला खंड तेव्हा मांडला गेला. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही अधिकृत भाषा असाव्यात ही शिफारस त्यात होती, आणि १९६९ च्या कायद्याने ती अमलात आली.

रोहिणी

डिसेंबर निघालाच आहे तर संसदेचं कोणीतरी सांगा. पिएर ट्रूडो त्या वर्षी कायदामंत्री होते ना?

गोदाकाठ

हो, एप्रिल १९६७ पासून. पार्श्वभूमी अशी की पिअर्सन यांचं सरकार अल्पमतातलं होतं. १९६५ च्या निवडणुकीत २६५ पैकी १३१ जागा. प्रत्येक विधेयकासाठी दुसऱ्या बाकांवरची मतं लागायची. तरीही त्या हिवाळ्यात तीन मोठ्या गोष्टी पुढे सरकल्या.

पहिली फाशी. पाच वर्षांसाठी ती फक्त पोलीस आणि तुरुंगाचे रक्षक यांच्या खुनापुरती मर्यादित केली. कॅनडातली शेवटची फाशी डिसेंबर १९६२ मध्ये टोरोंटोच्या डॉन तुरुंगात झाली होती.

दुसरी घटस्फोट. यातली जुनी पद्धत आज खरीच वाटणार नाही. क्वेबेक आणि न्यूफाउंडलंडमध्ये घटस्फोट देणारं न्यायालयच नव्हतं. तिथल्या जोडप्याला संसदेकडे अर्ज करावा लागे आणि सिनेटची समिती पुरावे ऐके. नव्या विधेयकाने संपूर्ण देशाला एक कायदा दिला. व्यभिचाराखेरीज क्रौर्य हे कारण मान्य झालं, आणि तीन वर्षं विभक्त राहणं हा विवाह मोडल्याचा पुरावा ठरला. कॉमन्सने ते डिसेंबर १९६७ मध्ये मंजूर केलं, अंमल जुलै १९६८ पासून.

तिसरी २१ डिसेंबरला मांडलेलं फौजदारी सुधारणांचं भलंमोठं विधेयक : समलिंगी संबंध, गर्भपात आणि बरंच काही. लोकांच्या शयनगृहात राज्यसंस्थेचं काही काम नाही, हे ट्रूडो यांचं गाजलेलं विधान त्याच दिवसाचं. सभागृह विसर्जित झाल्याने ते विधेयक १९६८ मध्ये बाद झालं, नव्याने मांडावं लागलं आणि मे १९६९ मध्ये मंजूर झालं. म्हणून 'ट्रूडोंनी १९६७ मध्ये कायदा केला' हे वाक्य बरोबर नाही. मांडला तेव्हा, झाला दीड वर्षाने.

दोन्ही मोठ्या पक्षांचे नेतेही त्या चार महिन्यांत हलले. ९ सप्टेंबरला टोरोंटोत पाचव्या फेरीत प्रोग्रेसिव्ह कन्झर्वेटिव्ह पक्षाचे नेते म्हणून रॉबर्ट स्टॅनफिल्ड यांची निवड होऊन डीफेनबेकर यांचं पर्व संपलं. १४ डिसेंबरला पिअर्सन यांनी निवृत्ती जाहीर केली.

पारिजात

स्त्रियांच्या दर्जावरचा शाही (रॉयल) आयोगही त्याच वर्षीचा. महिला संघटनांच्या नेत्या लॉरा साबिया यांनी वीस लाख बायका ओटावावर नेण्याचा इशारा दिला आणि १६ फेब्रुवारीला आयोग नेमला गेला. अध्यक्ष फ्लॉरेन्स बर्ड. १९६८ मध्ये सुनावण्या झाल्या, ४६८ निवेदनं आली, १९७० च्या अहवालात १६७ शिफारशी होत्या. आयोगाने सुनावण्या बाजारपेठा, चर्चची सभागृहं अशा ठिकाणीही घेतल्या. ज्या बायका सरकारी कार्यालयाची पायरी चढल्या नसत्या, त्यांची साक्ष त्यामुळे नोंदली गेली.

अनिकेत

हॉकीचं राहिलं. २ मे ला टोरोंटो मेपल लीफ्सनी मॉन्ट्रियलला अंतिम मालिकेत चार-दोन सामन्यांनी हरवून स्टॅनली कप घेतला. त्यानंतर टोरोंटोला तो पुन्हा मिळालेला नाही. शरद ऋतूत नॅशनल हॉकी लीगचे सहाचे बारा संघ झाले आणि सहाच्या सहा नवे संघ अमेरिकेत गेले. शताब्दीच्याच वर्षात व्हँकूव्हरला डावललं गेल्याचा राग रास्त होता.

मुक्काम_मॉन्ट्रियल

गावागावांतल्या शताब्दी प्रकल्पांचं सूत्रही सांगतो, कारण ते साधं आणि चोख होतं. दर डोई एक डॉलर संघराज्य देणार, तेवढाच वाटा प्रांताने आणि तेवढाच गावाने घालायचा. पाच हजार वस्तीच्या गावाला असे पंधरा हजार डॉलर उभे करता येत. म्हणून कॅनडाभर इतकी 'सेंटेनियल' नावाची ग्रंथालयं, उद्यानं, बर्फाची मैदानं दिसतात. अल्बर्टातल्या सेंट पॉलने शताब्दीसाठी उडत्या तबकड्यांना उतरायला चौथरा बांधला, तो अजून आहे. मोठे प्रकल्प मात्र रखडले. ओटावाचं राष्ट्रीय कला केंद्र आणि टोरोंटोचं विज्ञान केंद्र, दोन्ही शताब्दीसाठी ठरलेले, दोन्ही १९६९ मध्ये उघडले.

रोहिणी

शेवटचा प्रश्न. गुणांच्या नियमांत पुढे कुठे बिघडलं?

नोंदवही

एका कलमाने. १९६७ च्या नियमांत पाहुणा म्हणून आलेल्यालाही कॅनडात राहूनच कायम वास्तव्याचा अर्ज करता येत होता. त्याच वर्षी अपील मंडळाचा कायदाही झाला आणि हद्दपारीचा हुकूम निघालेल्या कोणालाही अपिलाचा हक्क मिळाला. दोन्ही तरतुदी स्वतंत्रपणे चांगल्या होत्या. एकत्र आल्यावर मार्ग असा तयार झाला : पाहुणा म्हणून या, अर्ज करा, नाकारलं तर अपील करा, निकाल लागेपर्यंत राहा. मंडळाची क्षमता मर्यादित, त्यामुळे रांग वाढली. रांग वाढली की निकाल लांबला, आणि निकाल लांबला की आणखी लोकांना हा मार्ग परवडला. काही दलालांनी त्याचा धंदा केला. नोव्हेंबर १९७२ मध्ये आत राहून अर्ज करण्याची सोय बंद झाली. १९७३ मध्ये अपिलाचा हक्क आखडला, आणि आधीच देशात असलेल्यांना ठरावीक मुदतीत नोंद करून स्थायिक होण्याची संधी दिली गेली. सुमारे ३९,००० जणांनी ती घेतली.

अवांतर : त्याच १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले आशियाई कॅनडात आले. त्यांत गोव्याची बरीच कुटुंबं होती. कंपालात बसलेल्या कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी १९६७ चंच गुणपत्रक वापरलं, मात्र ढिलाईने. गुण अपुरे पडले तर विवेकाधिकार वापरून घ्यायचं, असं धोरण होतं. पहिलं विमान सप्टेंबरच्या अखेरीस मॉन्ट्रियलला उतरलं.